कस्तुराची पावलं

दुसऱ्याच्या वाट्याचं जेवता येतं, हे मला लग्नाच्या पंगतींमधून माहीत होतं. दुसऱ्याच्या वाट्याचं चालताही येतं, असं मला एका पहाटे वाटलं आणि तिथेच घोटाळा झाला.

मी इंद्रभान, केनवडच्या हायस्कुलात सीनियर क्लार्क. आमच्या सौ. कस्तुराबाईंना मागच्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो, सगळं पार पडलं. डॉक्टर म्हणाले, रोग गेला, आता अंगात ताकद आणायची तेवढी राहिली. त्यासाठी दवाखान्यानं तिच्या मनगटावर एक जांभळा पट्टा बांधला आणि माझ्या मोबाइलमध्ये ॲप टाकून दिलं. पट्टा पावलं आणि छातीचे ठोके मोजणार, ॲप ते दवाखान्याला कळवणार. शिवाय रोज दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला ॲपमधली बाई शिकवणार. दर सोमवारी निकिता नावाची नर्स फोनवर हजेरी घेणार. सूचना दोनच : मोकळ्या हवेत चाला, पाण्याची बाटली सोबत ठेवा.

सगळं झकास. फक्त कस्तुरा चालेना.

"अवं, जाय ना, पांदनीनं एक चक्कर मारून ये."

"अन् कोनं इचारलं, कुठी चालल्या, तं काय सांगू?"

"सांग, चालाले चालली."

"चालाले कोनी चालते काय बाप्पा? लोकं म्हनतीन, बिमारीनं हिचं डोकंबी गेलं!"

तिचंही खरं होतं. आमच्या गावात माणूस दाराबाहेर पडला की कुठल्या ना कुठल्या ओट्यावरून 'कुठी?' येतंच. शेतात, दळणाला, मयतीला, काहीही सांगा. पण 'कुठीच नाही' हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

पहिल्या सोमवारी निकिता म्हणाली, "काकू, रोजची चारशेच पावलं?" कस्तुरानं फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला ते बघवेना. (आजारपणात मी फार शूर होतो. तिला सुई टोचायची वेळ आली की बाहेर जाऊन चहा पीत असे.) दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा पट्टा चार्जिंगला लावलेला होता. मी तो गुपचूप माझ्या मनगटावर चढवला आणि चालून आलो. आजच्या दिवस, बस!

त्या आजच्या दिवसाचे पंधरा दिवस झाले.

"सहा हजार! वा काकू!" निकिता खूश.

"मी तं घरातच होती," कस्तुरा चकित.

"तो पट्टा भाकरी थापलेलीबी मोजते," मी ठोकून दिलं. कस्तुरा हसली. मी म्हटलं, इंद्रभान, जिंकलास!

त्या हुरुपात बाजाराच्या दिवशी कस्तुरा पिशवी घेऊन एकटीच निघाली. (हातात पिशवी असली की कोणी काही विचारत नाही.) आजाराआधी ती अख्खा बाजार पालथा घालायची आणि भेंडीवाल्याला रडकुंडीला आणायची. या वेळी अर्ध्या वाटेत पुलाच्या कठड्यावर बसली, ती उठेचना. निरोप आला, तशी मी गाडीवर घालून घरी आणली.

"अहो," ती म्हणाली, "रोज सहा हजार पावलं होऊन राह्यली माही. तरी पायात जीव नाई. ते परत तं नाई आलं?"

मी तिला धीर द्यायला निघालो होतो आणि तिच्या जिवाला घोर लावून बसलो होतो. खरं काय ते उद्या सांगू, असं ठरवलं. (क्लार्क माणूस. काम उद्यावर टाकायला आम्हाला ट्रेनिंग लागत नाही.) पण सांगायच्या आधीच पावलं चारशेवर घसरलेली दिसली तर ती आणखी घाबरेल, म्हणून पहाटे एक शेवटची फेरी मारायला निघालो.

चालणं उरकलं. राहिलं तिच्या वाट्याचं ध्यान. कोणी 'कुठी' विचारू नये म्हणून पांदनीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, टोकाला बाभळीमागे गेलो. गवत दवानं ओलं, पॅन्ट इस्त्रीची, म्हणून उकिडवा बसलो. बाटली पुढ्यात ठेवली आणि डोळे मिटले. खिशातून ॲपमधली बाई बोलू लागली, "घाई करू नका. शांतपणे श्वास घ्या..."

कानाजवळ शिट्टी वाजली.

ग्रामपंचायतीचं गुड मॉर्निंग पथक! पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना पकडून झेंडूचा हार घालणारं. पुढं मोहनसिंग, पथकाचा म्होरक्या.

"सायेब, तुमी?"

"अरे, मी ध्यान करून राह्यलो!"

"काल एक जन म्हने, मोबाइल पडला, तो धुंडून राह्यलो. ध्यान नवीन हाय."

"माहा बेल्ट पाह्य, लागेल हाय!"

"शिट्टी आयकून लावला असन."

"घाई करू नका," खिशातली बाई म्हणाली. पथक पोट धरून हसलं. हार गळ्यात पडला. फोटो काढायला मला शाळेच्या भिंतीपाशी नेलं. त्या भिंतीवर 'हाती बाटली, लाज वाटली' ही घोषणा लिहिली आहे. घोषणा माझीच आहे, अक्षरही माझंच.

मी घरी पोचायच्या आत फोटो गावाच्या ग्रुपवर पोचला होता. शेजारची वैजयंती फोन घेऊन आमच्या ओट्यावर हजर. कस्तुरानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. हार पाहिला, बाटली पाहिली, मग मनगट पाहिलं.

"हा पट्टा माहा हाय."

तेवढ्यात निकिताचा फोन आला. कस्तुरानं स्पीकर लावला.

"काकू, घाबरू नका. पण पहाटे साडेपाचला तुमचे ठोके एकशे अठ्ठेचाळीसवर गेले होते. काय करत होतात?"

"मी झोपेल होती, पोरी. काय करून राह्यले होते, ते तुह्या काकाले इचार."

मी सगळं सांगितलं. हारासकट.

"म्हणजे ती सहा हजार पावलं काकूंची नव्हतीच?"

"एकबी नाई," मी म्हणालो.

"अहो काका! मग काकू थकणारच ना! काकू, तुमच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यात. ते परत आलेलं नाही. तुमचे पाय अजून चाललेच नाहीत, एवढंच. चारशेपासून सुरू करू, रोज पन्नास वाढवू."

फोन बंद झाला. आता लाटणं येणार म्हणून मी दोन पावलं मागं सरकलो. कस्तुरा माझ्याकडे पाहत रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली.

"मी इथं मरनाची तयारी करून राह्यली, अन् चालून राह्यले होते तुमी!"

वर्षभरात ती अशी हसली नव्हती. मलाही रडू आलं. (झेंडू डोळ्यात गेला, असं मी वैजयंतीला सांगितलं.)

फोटोमागचं कारण वैजयंतीनं गावभर केलं. आता कस्तुराला कोणी 'कुठी' विचारत नाही. "चाला बाई, चाला, नाई तं सायेबाले चालावं लागन," असं ओट्याओट्यावरून ऐकू येतं. चार महिन्यांत ती पाच हजारांवर गेली. भेंडीवाला पुन्हा रडकुंडीला आला आहे.

निकितानं मात्र माझे त्या पंधरा दिवसांतले ठोके डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरमधून उठलेल्या बाईपेक्षा या गृहस्थाचीच काळजी वाटते. म्हणून आता मलाही एक पट्टा आहे. रोज सकाळी कस्तुरा पुढं आणि मी बाटली घेऊन मागं.

काल पुलापाशी मला दम लागला.

"कस्तुरा, थांब. जराक बसतो."

ती मागं वळूनही न पाहता म्हणाली, "घरी जाऊन बसा. तुमी इथं बसले का शिट्टी वाजते."