मागल्या दाराने फिरलेल्या पिशवीची हकीकत

श्री वेशीवरचा मारुती साक्ष. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद वद्य पक्ष, ते समयी नदीकाठच्या राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे.

राज्य चाळीस उंबऱ्यांचे. सरपंच इंदूताई गादीवर, उपसरपंच म्हसूआप्पा कारभारी. पुराची सवय पिढीजात, म्हणोन तयारी कोणी करीत नसे. मग तालुक्याहून हुकूम आला की घरोघर संकटाची पिशवी सिद्ध ठेवावी, तीत विजेरी, सुका खाऊ, कागदपत्रे आणि औषध असावे. तालुक्याचे अंमलदार रावसाहेब जातीने पाहणीस येतील, आणि सर्व घरी पिशवी दिसली तरच राज्यास पुराची नाव मिळेल. हुकूम ग्रामसभेत वाचला, सर्वांनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि आपापल्या घरी गेले. पिशवी भरली ती एकट्या अनसाकाकूंनी. त्यांचे यजमान रंगोबा यांस दम्याचा विकार. मागल्या पुरात श्वासाचा पंप घरातच राहिला आणि रंगोबा देवळाच्या पायरीवर निळे पडले, डॉक्टर वेळेवर पोचले म्हणोन वाचले. ते काकू विसरल्या नव्हत्या. म्हणोन लाल पट्ट्याची पिशवी खुंटीस टांगली, आणि पंप भिजू नये म्हणोन डब्यात घालून तळाशी ठेविला.

पाहणीचे सकाळी म्हसूआप्पा काकूंचे दारी हजर जाहले. या राज्याची चाल ऐसी की पाहुणे मुलगी पाहावयास आले की चांगल्या सहा कपबश्या मागल्या दाराने त्या घरी येत, आणि काम होताच तैशाच पुढल्या घरी जात. पिशवीही याच चालीने फिरवावी, ही मसलत.

काकू म्हणाल्या, “कपबश्यांचं वेगळं, आप्पा. ह्यात ह्यांचा जीव आहे. पंप तेवढा काढून घेते.”

“औषध दिसलं नाही तर नाव गेली, काकू. आणि नाव आली तर पहिले रंगूतात्याच बसणार ना? दिवस मावळायच्या आत मी स्वतः आणून देतो.”

काकूंनी नावेचा विचार केला, रंगोबांकडे पाहिले, आणि पिशवी दिली.

मग रावसाहेबांची स्वारी पुढल्या दाराने शिरे, पिशवी पाहून घोटभर चहा घेई, तोवर पिशवी मागल्या दाराने निघे. परंतु राज्याची दुसरी चाल आड आली. मागून आणिलेले भांडे रिकामे परत धाडणे ही तेथे मोठी लाज. म्हणोन पिशवी हलताना कोणी गोधडी घातली, कोणी शेंगदाण्याचे लाडू, कोणी बाजरीच्या भाकरी, कोणी लसणीची चटणी, आणि एका घरून लोणच्याची बरणीच आली. म्हसूआप्पांनी पिशवी प्रथम हाती धरली, मग खांद्यावर घेतली, मग डोक्यावर. रावसाहेबांनी घरोघर लाल पट्टा पाहिला आणि बहुत संतोष पावले. खालच्या आळीहून वरल्या आळीची तयारी दांडगी, ऐसेही बोलले. अखेर टेकावर इंदूताईंचे घरी पिशवी भिंतीस टेकली आणि स्वारी चहास बसली.

इतक्यात वरल्या धरणाचे दरवाजे उघडिले आणि नदी गावात शिरली. मग सर्व राज्य टेकावर चढले. कोणी शेळी आणिली, कोणी टीव्ही, कोणी नवी गादी. पिशवी एकाही हाती नव्हती. रावसाहेबांनी विचारिले, पिशव्या कोठे राहिल्या? तोच अनसाकाकू रंगोबांस खांद्याचा आधार देऊन आल्या. रंगोबांची छाती शिटीसारखी वाजत होती आणि ओठांचा रंग उतरला होता. काकू थेट पिशवीपुढे बसल्या आणि एकेक जिन्नस बाहेर काढू लागल्या. भोवताली बायका कुजबुजू लागल्या, ही माझी बरणी, हे आमचे लाडू.

“बरण्या मग ओळखा,” काकू म्हणाल्या. “आधी तळ गाठा.”

मग चार हात पुढे आले, त्यांत रावसाहेबांचाही एक. भाकरीखाली गोधडी, गोधडीखाली डबा, डब्यात पंप. रंगोबांनी दोनदा ओढला आणि काकू त्यांच्या ओठांकडे बघत राहिल्या. हळूहळू रंग परतला. मग रंगोबा बोलले, “चटणी कुणाकडची? वास झकास सुटलाय.”

रावसाहेबांनी तो पसारा पाहिला आणि म्हणाले, “म्हणजे दिवसभर आम्ही एकच पिशवी पाहिली?”

“होय,” काकू म्हणाल्या. “आणि कपबश्याही त्याच.”

रावसाहेबांनी हातातला कप खाली ठेविला. पाणी उतरेतो सर्व राज्य त्या एका पिशवीवर जेवले, आणि रावसाहेबही पंगतीत बसले. निघताना म्हसूआप्पांनी हळूच नावेचे काढिले.

“पुढल्या खेपेस मी मागल्या दाराने येईन,” रावसाहेब म्हणाले. “मग बघू नावेचं.”

तात्पर्य इतकेच. पुढल्या खेपेस स्वारी बोलल्याप्रमाणे मागल्या दाराने आली, चाळीस खुंट्यांस चाळीस पिशव्या निघाल्या, आणि नाव मिळाली. कपबश्या मात्र सहाच; त्या खेपेस त्या पुढल्या दाराने फिरल्या.