यॉकूबमामांनी मागून घेतलेला रविवार

यॉकूबमामा भर मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, माणसांच्या तोंडाला कान लावून फिरतात. डॉक्टर छाती तपासतात ना, अगदी तसे. गाणं सुरू झालं की पेटी सोडून उठतात आणि ओळीओळीतून हिंडतात. मग साथ कोण करणार, हा प्रश्न त्यांना पडत नाही.

मुलांनो, तुमच्या आजीला शाळेत नन्सनी शिकवलं होतं, की सूर नसेल तर पुस्तक नीट धरावं आणि गप्प उभं राहावं. मी जन्मभर तेच केलं. मामा माझ्यापुढे थांबत आणि मान हलवत. "बाई, तुमी डोळ्यांनी गाता. देवाला कसं ऐकू जावं?"

घाटनांदूरजवळच्या आमच्या वस्तीवर कॅथलिक घरं मोजकी. त्यात कुणीतरी चर्चला मोठा स्पीकर भेट दिला, सगळी गाणी आधीच भरलेली. तेव्हापासून स्पीकर गायचा आणि आम्ही ऐकायचो. देवाकडे दयासुद्धा तोच मागायचा.

मामा भडकले. "पाप आमी करायचं आन् माफी डब्यानं मागायची?"

आमचे फादर तरुण आणि सरळ. म्हणाले, "मामा, लोक गातच नाहीत. मी काय करू?"

"एक आयतवार द्या. लोक गायले तर डबा बंद. न्हाई गायले तर मी पेटी झाकतो, कायमची."

मामांनी 'प्रभू माझा मेंढपाळ' हे बायबलमधलं स्तोत्र निवडलं आणि त्याला चाल शोधायला थेट म्हादू धनगराकडे गेले. म्हादूच्या ओवीची चाल उचलली आणि आठवडाभर दारोदार शिकवत फिरले. रेशनच्या रांगेतसुद्धा कुणाला सोडलं नाही. शनिवारी म्हादू मला म्हणाला, "मला पाठ झालं, मेंढरं मान डोलावतेत. तुमच्याच लोकाला काहून येईना?"

रविवारी मामांनी पहिली ओळ म्हटली. सगळे गप्प. स्पीकरची सवय, जो तो त्या कोपऱ्याकडे बघत राहिला. मामांनी ओळ पुन्हा म्हटली. या वेळी त्यांचा हात पेटीच्या झाकणाकडे गेला.

काय झालं कोण जाणे, मी तोंड उघडलं. दाराची बिजागरी कुरकुरावी तसा आवाज निघाला. पुढच्या बाकावरची मंडळी दचकून वळली. एक म्हातारी खुदकन हसली आणि हसता हसता गाऊ लागली. मग तिची सून, मग सगळेच. शेवटच्या कडव्याला तर फादर स्वतः चाल चुकले.

मिस्सेनंतर फादरांनी आपल्या हातांनी स्पीकरची वायर गुंडाळली. सगळे गेल्यावर मी मामांजवळ गेले. "माफ करा, फार बेसूर गायले."

"लई बेसूर," मामा म्हणाले. "आमच्या मार्थाच्या वर."

मार्था म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

"लग्न नवीन होतं. म्या तिला म्हणलं, तुला सूर न्हाई, तू नुसते ओठ हलव." मामा पेटीकडे बघत होते. "लई ऐकायची माझं. मरंपर्यंत नुसते ओठच हलवले तिनं. आता आठवाया गेलं, तर तिचा गाण्यातला आवाजच याद न्हाई."



मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, एकडाव अजून म्हणा की."

रिकाम्या चर्चमध्ये मी सगळं स्तोत्र म्हटलं. पेटी समोर उघडी होती, पण मामांनी साथ केली नाही. डोळे मिटून ऐकत राहिले, आणि एकाही ठिकाणी मला दुरुस्त केलं नाही.