लिफ्टच्या गाण्याची ऑडिशन

मयुराला बँड काढायचा होता आणि तिनं हे वडिलांना सांगितलं. सात वर्षांच्या मुलीकडून याहून मोठी चूक काय व्हायची?

खरं तर बँड निघालेलाच होता. गुरुग्राममधल्या त्यांच्या सोसायटीचं नाव इटलीतलं होतं आणि पाणी टँकरचं. तिथल्या तळमजल्यावर, उभ्या गाड्यांच्या मधल्या पट्ट्यात, रोज संध्याकाळी तिघं जमायची. मयुरा गायची. चौथ्या मजल्यावरचा जोरावर पालथी बादली बडवायचा. आणि जोरावरची धाकटी बहीण, चार वर्षांची मन्नत, प्रत्येक ओळ संपली की दोन्ही हात वर करून ओरडायची, "हे!" शाहिराच्या पाठीशी उभं राहून 'जी जी रं जी' म्हणणारे झीलकरी नसतील तर पोवाडा उभा राहत नाही. हे त्या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं. पोरांना ते आपसूक कळतं, आणि मोठेपणी आपसूक विसरायला होतं.

"बाबा, लोहडीला क्लबहाऊसमध्ये आम्हाला गाणं करायचंय," मयुरा म्हणाली. "मी, जोरावर आणि मन्नत. गाणं मी बनवलंय. तू ऐक ना. लास्टपर्यंत."

तिचा बाबा, विक्रांत, एका मोठ्या कंपनीत प्रोग्रॅम मॅनेजर होता. म्हणजे काम दुसऱ्यांनी करायचं आणि ते कुठवर आलं हे यानं विचारायचं. त्यानं एका कानातलं यंत्र काढलं. दुसऱ्यातलं राहू दिलं.

"बोल बेटा. आहेत दोन मिनिटं."

मयुरानं डोळे मिटले आणि म्हटलं,

"पहिल्या मजल्यावर राजमा शिजला,
दुसऱ्या मजल्यावर कुत्रा भिजला,
तिसऱ्या मजल्यावर..."

"थांब, थांब. कडवं छान आहे."

"कडवं नाहीये बाबा, स्वीट आहे. पुढे ऐक ना."

"ऐकतो ना. पण आधी सांग, तुमचं व्हिजन काय आहे?"

मयुराकडे व्हिजन नव्हतं. तिला एक बादली हवी होती, कारण जुनीला तडा गेला होता.

"बादलीचं बघू. आधी स्ट्रक्चर."

समोरच्या टेबलावर मयुराची आई, रेवती, स्वतःच्या ऑफिसच्या कामात होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "विक्रांत, तिला बादली दे आणि सोड."

"तुला कळत नाही. मुलांच्या पॅशनला सपोर्ट करायचा असतो. माझ्या बाबांनी मला साधा माउथऑर्गन घेऊन दिला नाही."

"म्हणून आता तू तिच्या बादलीत उतरणार?"

"पॉझिटिव्ह राहा ना, यार!"

आणि विक्रांतनं सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकला. त्यात बँड हा शब्द एकदा होता, इकोसिस्टीम तीनदा. टँकर उशिरा येणार म्हटलं तर या ग्रुपवर कुणाचा अंगठा हलत नसे. पण आता सगळे टॉवर जागे झाले. घरोघरी एकेक प्रतिभावंत निघाला. कुणाचा मुलगा झोपेत गुणगुणायचा, कुणाच्या मुलीला रडतानासुद्धा सूर सापडायचा. एका आईनं अजून न जन्मलेल्या बाळाचं नाव 'पुढच्या बॅचसाठी' दिलं.

इतक्या मुलांचा बँड होत नाही, मोर्चा होतो. तेव्हा निवड आली, आणि निवड आली म्हणून परीक्षक आले. परीक्षक म्हणून वैजयंती काकू आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

काकू संगीत विशारद होत्या. त्यानंतर त्यांना कुणाचंच गाणं आवडलं नव्हतं.

"बघा हं विक्रांत, तुम्ही पुण्याहून आत्ता आत्ता आलात. मी करोल बागेत जन्मलेय. दिल्लीच्या मराठी पोरांच्या तीन पिढ्या माझ्या हाताखालून गेल्यात."

"मग त्यातलं कुणी गातं का, काकू?"

"एकही नाही. मी गाऊ देते होय असं-तसं?"

विक्रांतला हा दर्जा फार आवडला.

इतक्यात ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "बाकी सब बढ़िया है, लेकिन विक्रांतजी की बेटी तो पहले से सिलेक्टेड होगी!" खाली हसरा चेहरा होता. त्या हसऱ्या चेहऱ्यानं विक्रांत दुपारभर जेवला नाही. संध्याकाळी त्यानं जाहीर केलं, ऑडिशन पडद्याआड होईल. नाव नाही, चेहरा नाही. प्रत्येकाला अर्धं मिनिट. मग घंटी.

क्लबहाऊसमध्ये दोन खांबांना बेडशीट बांधलं गेलं. त्यावर निळी फुलं होती आणि एका कोपऱ्यात हळदीचा डाग. डागाच्या अलीकडे काकू आणि विक्रांत गंभीर चेहऱ्यानं बसले. पलीकडून लहान लहान आवाज येत गेले. घाबरलेले, पाठ केलेले, आयांनी मागून ढोसलेले. मग बादलीवर ठेका पडला.

"पहिल्या मजल्यावर राजमा शिजला..."

"हे!"

"हे मध्येच कोण ओरडलं?" काकूंनी घंटी दाबली. "और यह धबधब क्या है?"

"बाल्टी है, आंटी," पडद्याआडून जोरावर म्हणाला.

"बाल्टी वाद्य में नहीं आती, बेटा. नेक्स्ट!"

विक्रांतनं आवाज ओळखला होता. बाप तो, ओळखणारच. त्याची छाती भरून आली, पण मायेनं नव्हे, तत्त्वानं. निःपक्षपातीपणा दाखवायची अशी संधी परमेश्वर वारंवार देत नाही. काकूंनी हिमतीचे म्हणून दोन गुण दिले. विक्रांतनं शून्य दिलं आणि शून्याभोवती पुन्हा एक शून्य काढलं, दुरून दिसावं म्हणून.

निकाल रेवतीच्या फोनवर आला. 'आपण दाखवलेल्या रसाबद्दल आभार. या वेळी आपली निवड होऊ शकली नाही. कृपया पुढील वर्षी जरूर प्रयत्न करावा.' खाली विक्रांतचंच नाव होतं.

"विक्रांत, स्वतःच्या पोरीला तिच्याच बँडमधून काढलंस?"

"मी नाही काढलं. प्रोसेसनं काढलं."

"प्रोसेस आत्ता आपल्या पलंगावर पालथी पडून रडतेय. जा, भेट तिला."

विक्रांत गेला. पलंगाच्या कडेवर बसला, पण अर्धाच, कारण पुढची मीटिंग जवळ आली होती.

"बाबा, मला माझ्या बँडमध्ये का नाही घेतलं?"

"बेटा, तो आता सगळ्या सोसायटीचा बँड आहे. तू फाउंडर आहेस. फाउंडर नेहमी पुढे जातात."

"कुठे?"

विक्रांतचा फोन वाजला, तो उठला.

मयुरानं तडा गेलेली बादली पलंगाखाली ढकलली. गाणं कुठं ढकलायचं ते तिला कळेना. ते तोंडात येत राहिलं, आंघोळ करताना, बुटाची नाडी बांधताना. रेवतीनं एकदा तिच्या केसांतून फणी फिरवता फिरवता ते पुरतं ऐकलं. शेवटाला तिची फणी थांबली.

"हे बाबानं ऐकायला हवं."

"त्याला टाईम नाहीये. तो आपल्या बँडमध्ये बिझी आहे."

आणि तो खरंच बिझी होता. निवडलेल्या मुलांत सगळे गायक निघाले नि उरलेले कीबोर्डवाले. ढोल वाजवायला कुणी तयार नव्हतं, कारण ढोलकऱ्याला मागं उभं राहावं लागतं, आणि मागं उभं राहायला कुणी आपलं मूल निवडून आणलेलं नव्हतं. प्रत्येक गायक मुख्य गायक होता. शेवटी गाण्याचे तुकडे करून वाटून दिले गेले, पंगतीत एका लाडवाचे करावेत तसे. एकाच्या वाट्याला 'और' एवढाच शब्द आला. त्याच्या वडिलांनी हरकत घेतली, पण आईनं समजूत काढली की 'और' नसेल तर गाणं पुढं सरकतच नाही.

मग तालमी. सोमवारी अ‍ॅबॅकस, मंगळवारी स्केटिंग, बुधवारी कोडिंग. मुलांना एकत्र अशी वेळच सापडेना. तेव्हा मुलांच्या ऐवजी पालक तालमीला येऊ लागले. त्यांनी सूर लिहून न्यायचे आणि घरी जाऊन मुलांना समजावून सांगायचे. क्लबहाऊसमध्ये जाकिटं घातलेली मोठी माणसं ओळीनं उभी राहून "चंदा मामा आए हैं" म्हणत. काकू टेबलावर पट्टी आपटत. विक्रांत पुढं उभा राहून म्हणे, "गाईज, एनर्जी!" 'और'चे बाबा वेळेवर 'और' म्हणायला रोज चुकत. तरीही टी-शर्ट छापून आले. ते तेवढे सुरेख होते.

लोहडीच्या आठवड्यात हवा इतकी बिघडली की समोरचा टॉवर दिसेना. लोहडी म्हणजे संक्रांतीच्या आदल्या रात्रीची शेकोटी, आणि त्या शेकोटीलाच बंदी आली. आता संध्याकाळचा सगळा भार बँडवर पडला. आणि लोहडीच्या दुपारीच बँड मोडला. दोन गायक खोकल्यानं आडवे. कीबोर्डवाल्यांची एक जोडी मावशीच्या लग्नाला जयपूरला. उरलेल्या दोघांच्या आया, दिव्याखाली कुणाचं मूल उभं राहणार यावरून अशा भांडल्या की दोन्ही मुलं कंटाळून झोपून गेली.

विक्रांतनं ताबडतोब घरी मीटिंग लावली. काकू आल्या, 'और'चे बाबा आले, आणखी दोघं-तिघं पालक आले. रेवतीनं चहा ठेवला आणि मधल्या टेबलावर रेवड्या-शेंगदाण्यांची थाळी. मयुरा कुठं आहे, हे कुणी विचारलं नाही.

"ऑप्शन काय आहेत?" विक्रांत म्हणाला.

"आपण मोठ्यांनीच स्टेजवर जावं," 'और'चे बाबा अतिशय नम्रपणे म्हणाले. "हमें याद तो है ही."

"बिल्कुल नाही," काकू कडाडल्या. "मुलांचा कार्यक्रम आहे. मुलं हवीत. साधी, ताजी, तालाला पक्की मुलं! या एवढ्या मोठ्या सोसायटीत तीन पोरं धड सापडू नयेत?"

तोच दाराची बेल वाजली. ती वाजायच्या आधीच रेवती दाराशी पोचली होती.

दारात तीन छोटी माणसं. माकडटोप्या भुवयांपर्यंत ओढलेल्या, मास्क डोळ्यांपर्यंत चढवलेले. खाली फुगलेली जाकिटं. लोहडीच्या संध्याकाळी पोरं दारोदार जाऊन गाणी म्हणतात. घरच्यांनी गाणं संपेपर्यंत दारात उभं राहायचं आणि मग रेवड्या द्यायच्या. मधूनच कुणी दार लावत नाही, ते अशुभ. जोरावरच्या दादीनं पोरांना हे सांगितलं होतं, आणि वर विचारलं होतं, "लोहडी के दिन तुम्हें कौन रोकेगा?"

"आत्ता नको, बेटा, मीटिंग..." विक्रांत थाळी उचलत म्हणाला.

"उभा राहा," रेवती म्हणाली. "पूर्ण ऐकायचं असतं."

बादलीवर ठेका पडला. बादली नवी होती.

"पहिल्या मजल्यावर राजमा शिजला," "हे!"
"दुसऱ्या मजल्यावर कुत्रा भिजला," "हे!"
"तिसऱ्या मजल्यावर लाईट उडली," "हे!"
"चौथ्या मजल्यावर दादी चिडली," "हे!"

पॅसेजमध्ये आवाज घुमला. शेजारची दारं उघडली. बऱ्याच वर्षांनी काकूंची बोटं स्वतःच्याच मांडीवर ताल धरू लागली, आणि त्यांना ते कळलंही नाही.

"नवव्या मजल्यावर बाबा राहतो," "हे!"
"गाणं लागलं की घड्याळ पाहतो," "हे!"

शेजारी हसले. विक्रांतही हसला, मग त्याला आठवलं की हा नववा मजला आहे.

"लिफ्टबाई, लिफ्टबाई, अडकून बस," "हे!"
"आत मी नि बाबा, इतकंच बस," "हे!"

ठेका थांबला. टाळ्या पडल्या. विक्रांतच्या हातात थाळी होती, म्हणून त्याला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

"अहो, हेच!" काकू पुढं धावल्या. "हेच तर मी केव्हापासून शोधतेय! काय ठेका आहे! आणि तो 'हे' बघा, कसा नेमका जागेवर पडतो! विक्रांत, असली पोरं सोडून तुम्ही त्या ऑडिशनला कोण कोण गोळा केलंत? ए मुली, कुणाची गं तू? तुझ्या बाबांचा नंबर दे. मी बोलते त्यांच्याशी."

दाराबाहेर पाऊल पडलं की मयुरा हिंदीतच बोलायची. मास्कवरचे दोन डोळे काकूंवरून सरकले आणि थाळी धरलेल्या माणसावर येऊन थांबले.

"पापा मीटिंग में हैं, आंटी."

विक्रांतनं घाईघाईनं थाळीतली एक रेवडी उचलली आणि त्या छोट्या हातमोज्यातल्या तळहातावर ठेवली.

मुलीनं रेवडीकडे पाहिलं. हात तसाच पुढं ठेवला.

"अंकल," ती म्हणाली, "हम तीन हैं."