नववीचं कुलूप

माणूस गेला की त्याच्या तोंडात अर्धवट राहिलेलं वाक्य कुलपात जातं, आणि ते कुलूप नगरपरिषदेच्या कुलूप शाखेत जमा करावं लागतं. आंबेवेशीत हे पहिल्यापासून असंच आहे. सगळ्यांचंच जातं असं नाही. ज्यांचं बोलून झालेलं असतं, त्यांच्या उशाशी काहीच सापडत नाही. खंडू लवटे आपल्या सायकल दुकानाच्या पायरीवर कोसळला, तेव्हा त्याच्या उजव्या हाताशी पितळेचं एक कुलूप सापडलं. तो चौतीस वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली, आणि त्याचा धाकटा भाऊ बिरू घरी न जाता तडक शाखेत आला.

शाखा नगरपरिषदेच्या मागच्या अंगाला आहे. बाहेरच्या चिंचेमुळे त्या लांबट खोलीत दिवसभर हिरवट उजेड असतो, विहिरीच्या तळाशी बसल्यासारखा. भिंतींना फळ्या, फळ्यांवर कुलपं. कान दिला तर त्यांची कुजबुज ऐकू येते, पण शब्द लागत नाहीत.

"माझ्या भावाचं कुलूप द्या," बिरू म्हणाला.

"आधी बस," शाखाप्रमुख टेंभुर्णीकर बाई म्हणाल्या. "पाणी पी."

बिरू बसला नाही आणि पाणीही प्याला नाही. त्याची शाळा चौथीत सुटली होती, म्हणून बाईंनीच अर्ज भरायला घेतला.

"वाक्याचा ज्ञात भाग?"

"म्हंजे?"

"शेवटचं काय ऐकलंस?"

"अरे."

"पुढे?"

"पुढं न्हाई ऐकलं. मी तरातरा निघालो हुतो. पाठीमागनं म्हणला, अरे. मी वळून बघितलं न्हाई."

बाईंनी लिहिलं: 'अरे'. "त्या वेळी काय चाललं होतं?"

"भांडण."

"कशावरून?"

"पंपावरनं. मी न इचारता एकाला पंप दिला, त्यानं मोडून आणला."

बाईंनी लिहिलं: भांडण, पंपाबाबत. त्यांनी टीपकागद फिरवला आणि चष्म्यातून वर पाहिलं.

"मला एवढंच पायजे," बिरू म्हणाला. "शिवी देत हुता, का छातीत कळ आली म्हणून मला बोलवत हुता. बोलवत असला आन् मी तसाच निघून गेलो असलो, तर मग..."

"ते उघडल्यावर कळेल," बाई शांतपणे म्हणाल्या. "कुलूप नववीचं आहे. नऊ पिनांचं. अशा कुलपांना किल्ली नसते, तारेनं उघडावी लागतात. पहिलीपासून आठवीपर्यंतची उघडून दाखवलीस की नववीचं हातात मिळेल. मुदत वर्षश्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत."

"आन् न्हाई जमलं तर?"

"वितळवून नळाच्या तोट्या करतात."

आंबेवेशीतले काही नळ पाणी येण्याआधी काहीतरी बोलायला गेल्यासारखं करतात, ते यामुळेच. बिरूच्या गल्लीतही तसा एक नळ होता. त्यानं टेबलावरचं वजन उचललं आणि फळीवरच्या पितळी कुलपाकडे झेप घेतली.

"फोडू नकोस," बाई जागेवरून न उठता म्हणाल्या. "फोडलं की वाक्य फुटतं. मागे एकानं फोडलं होतं. पावसाळाभर या खोलीत सुटे 'ळ' सापडत होते. कपाटाखालून झाडून काढावे लागले."

बिरूनं वजन खाली ठेवलं. बाईंनी त्याला पहिलीचं कुलूप आणि दोन तारा दिल्या, आणि पोच म्हणून अंगठा घेतला.

शिकवायला मुलाणी चाचा होते. त्यांचं वय विचारलं तर ते इयत्ता सांगायचे. शिकण्यासाठीची कुलपं म्हणजे लोकांनी आपापली उघडून झाल्यावर ठेवून दिलेली. कुलूप दाबून मिटलं की वाक्य परत आत जायचं. पहिलीच्या कुलपात एकच पिन आणि एकच शब्द होता. बिरूनं ते सकाळी उघडलं. आतून एक म्हातारी "आले" म्हणाली. बिरूनं दचकून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं, नुसता चिंचेचा पाला पडत होता.

"कोण हुती ही?"

"विचारायचं नसतं," चाचा म्हणाले. "'आले' म्हणाली ना, आपण 'या' म्हणायचं."

दुसरीचं दोन दिवसांत झालं, तिसरीचं आठवड्यात. बिरू दुकान उघडेना, जेवायला घरी जाईना. चौथीच्या कुलपात एक बाप मुलीला "वेणी घट्ट" एवढंच सांगत होता. पाचवीच्या कुलपाला दुपारी झोप लागायची, तेव्हा ते उघडलेलं चालत नसे, नियम होता. बिरू त्याच्या शेजारीच फरशीवर आडवा व्हायचा. झोपेत त्याला वाटायचं की आपल्याच छातीत कोणीतरी हळूहळू तार फिरवतंय. शाळेत चौथीच्या पुढे न गेलेला पोरगा पाचवी पास झाला, म्हणून घरात दुखवटा असूनही त्याच्या आईनं चिमूटभर साखर आणून चाचांच्या हातावर ठेवली.

शाखेत रोज हौबाक्काही यायची. तिच्या नवऱ्याचं कुलूप तिनं दहा वर्षांपूर्वीच उघडलं होतं. आता ती डबा घेऊन येई आणि हौसेनं अकरावी-बारावीची करत बसे.

"अक्का, तुमच्यात काय निघालं हुतं?" बिरूनं एकदा विचारलं.

"काय निघणार? अकरा महिने बोटं सोलून घेतली. आन् निघालं, 'मीठ कमी'." तिनं बारावीच्या कुलपात तार सारली. "पानावरच गेला की मेला. जाता जाता बी नावं ठेवून गेला."

"राग आला?"

"आला तर! घरी गेले, आमटी केली, चांगलं मूठभर मीठ घातलं. खाववंना. पण खाल्ली सगळी."

बिरू हसला. वर्षभरात तो तेवढाच एकदा हसला, आणि हसू संपायच्या आत त्याचे डोळे भरून आले. हौबाक्कानं पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवत डब्यातली अर्धी भाकरी त्याच्याकडे सरकवली.

सहावी झाली, सातवी झाली. आठवीला बिरू अडला.

आठवीपासून फसव्या पिना सुरू होतात. सगळ्या पिना उचलून झाल्या की कुलूप थोडंसं फिरतं, आता उघडलंच असं वाटतं, आणि तिथेच थांबतं. ते उघडलेलं नसतं. तिथून पुढे जायचं तर तारेवरचा ताण सैल करावा लागतो, हातात आलेलं जरा परत जाऊ द्यावं लागतं. बिरूला हे जमेना. कुलूप थोडं फिरलं की तो जिवाच्या आकांतानं दाबून धरायचा. तारा वाकायच्या. एक त्याच्या तळहातातही घुसली. तीन महिने गेले. वर्षश्राद्धाला वीस दिवस उरले.

"लवटे," चाचा एका सकाळी म्हणाले, "दुकानात तू काय करायचास?"

"चाकं बसवायचो. नट कसायचो."

"आणि पंक्चर कोण काढायचं?"

"दादा."

"म्हणून. तुझे हात नट कसणारे आहेत. इथे पंक्चर काढणारे हात लागतात. जा, दुकान उघड."

बिरू रागानं निघून गेला. चार दिवस तो आलाच नाही. पाचव्या दिवशी आईनं सांगितलं की दुकानाच्या दारात एक माणूस सायकल घेऊन उभा आहे आणि हलत नाही. बिरूनं फळ्या काढल्या, घमेल्यात पाणी भरलं आणि ट्यूब पाण्यात धरली. त्यानं ती दाबली, तर पाणी गढूळ झालं आणि काही दिसेना. मग त्याला दादाचे हात आठवले. दादा ट्यूब दाबत नसे. तो ती नुसती पाण्याच्या ओंजळीत दिल्यासारखी धरायचा आणि सावकाश फिरवत राहायचा. बुडबुडा आपण होऊन वर यायचा. बिरूनं तसं केलं. बराच वेळ काही झालं नाही. मग अगदी बारीक बुडबुड्यांची एक माळ वर आली.

त्या दिवसापासून तो सकाळी पंक्चर काढायचा आणि दुपारी शाखेत यायचा. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आठवीचं कुलूप उघडलं. त्यात एक तरुण पोरगी "थांब, चंद्र" असं म्हणत होती. ते चाचांनी दोनदा ऐकलं आणि नोंदवहीत 'उत्तीर्ण' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कावळा शिवून, पानं उठून, बिरू शाखेत पोहोचला तेव्हा तीन वाजले होते. बाईंनी पितळी कुलूप कापडावर काढून ठेवलं. शेजारी तोट्या करणारा कारागीर पिशवी घेऊन बसला होता. त्याला साडेपाचला दुसऱ्या गावी जायचं होतं, म्हणून त्यानं घाई नाही असं दोनदा सांगितलं.

कुलूप कोमट होतं. बिरूनं तारा घातल्या. एक एक पिन वर जाऊन बसू लागली. चौथ्या पिनेला आतून कोणीतरी खाकरलं. सहाव्या पिनेला सायकलच्या तेलाचा वास आला. साडेचार वाजता नऊच्या नऊ पिना बसल्या, कुलूप थोडंसं फिरलं, आणि आतून अगदी स्पष्ट आवाज आला, "अरे..."

बिरूचे हात आवळले.

"सोड," चाचा म्हणाले.

"न्हाई. ह्यो त्योच हाय. त्याचाच आवाज हाय."

"असू दे. सोड थोडं."

"सोडलं तर जाईल की परत!"

"एक पिन जाईल. बाकीच्या आठ थांबतात. नऊ धरून बसलास तर पाच वाजतील."

कारागिरानं पिशवीचं तोंड उघडलं. हौबाक्कानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते परत बांधलं.

खोलीतला हिरवा उजेड हळूहळू हलत होता. बिरूनं डोळे मिटले. हातातलं कुलूप आता पाण्यात आहे असं त्याला वाटलं. त्यानं ताण सैल केला. एक पिन खाली गेली. 'अरे' विझलं आणि आत काहीच उरलं नाही. बिरू ओरडला नाही. तो तसाच सैल हातानं धरून राहिला, किती वेळ ते त्याला कळलं नाही. मग ती पिन आपण होऊन वर आली, आणि कुलूप उघडलं.

"अरे, चप्पल तरी घालून जा, गाढवा!" खंडू लवटे म्हणाला. "फुफाट्यात पाय भाजतील!"

फळ्यांवरची कुजबुज थांबली होती. बिरू उघड्या कुलपाकडे पाहत राहिला. त्या दिवशी तो अनवाणीच निघाला होता. संध्याकाळी परत आला तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड आले होते, आणि त्या गर्दीत, त्या रडारडीत, ते कोणालाच दिसले नव्हते, त्यालाही नाही.

बाईंनी वाक्य नोंदवहीत उतरवलं. 'गाढवा'पाशी त्या थांबल्या. "हे ठेवायचं?"

"ठिवा," बिरू म्हणाला.

"वाक्य पूर्ण. आता अंगठा दे."

"बाई, ह्याला उत्तर देता येतं का? अर्ज लागतो?"

बाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि मिटलं. "अर्ज लागत नाही. पण समोरून ऐकलं जाईलच, याची शाखा हमी देत नाही."

बिरूनं कुलूप तोंडाजवळ धरलं. त्यानं आपल्या पायांकडे पाहिलं.

"घातलीय, दादा," तो म्हणाला.

काही क्षण काही झालं नाही. मग कुलूप, कोणी न दाबता, त्याच्या हातात हलकेच मिटलं.

बाईंनी घड्याळाकडे पाहून शेवटच्या रकान्यात लिहिलं: पोच मिळाली, चार वाजून छप्पन्न मिनिटं. मग त्यांनी लेखणी पुसली आणि बाहेर बसलेल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.