तीनच्या गाडीतील सभा

ढगे दोघांत चहा पीत नाही. तिसरा माणूस येईपर्यंत तो कप समोर ठेवून बसतो आणि म्हणतो, "गणपूर्ती नाही, सर." चहा निवतो. वर साय धरते. मग रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्याला तो हाक मारून बसवतो, "कामकाज सुरू" असे पुटपुटतो आणि तो गार चहा एका घोटात संपवतो.

हा माझा एकेकाळचा विद्यार्थी. पुढे धाराशिवला आमच्याच महाविद्यालयात राज्यशास्त्राचा प्राध्यापक झाला. मी निवृत्त झालो. तो अजून आहे, आणि विद्यार्थी परिषदेचा प्रमुखही आहे. ते पद दुसऱ्या कोणालाही नको असल्यामुळे त्याच्याकडे टिकून आहे. लग्न त्याने केले नाही. एकदा मुलगी पाहायला गेला असता तिच्या वडिलांना त्याने विचारले म्हणे, "आपल्या घरात हा निर्णय एकमताने झाला, का बहुमताने?" पोहे खाऊन तो परत आला. विषय तेथेच संपला.

विद्यार्थी परिषदेविषयी माझे मत कधीच चांगले नव्हते. वर्गात पहिला येणारा मुलगा तिचा सदस्य होतो, आणि वर्गात पहिला येणारा मुलगा सभेला येत नाही. म्हणून तर तो पहिला येतो. स्नेहसंमेलनात पाहुण्यांना शाल आणून देणे आणि छायाचित्रात मागच्या रांगेत उभे राहणे, एवढेच तिचे कार्य. ढगेचे म्हणणे वेगळे. "सर, पोरगं खेड्यातून येतं, बाकावर बसतं, जातं. हे कॉलेज आपलं हाय असं त्याला वाटणार कधी? एकदा हात वर करून मत दिलं, की वाटतं." असली वाक्ये तो मला ऐकवी. मी ऐकत नसे.

सभेची सूचना तो मोबाइलच्या ग्रुपवर टाकी. मुले अंगठा पाठवीत. "अंगठा म्हणजे उपस्थिती नव्हे," असे तो लिही. त्यावरही अंगठे येत. निम्मे सदस्य जमले नाहीत की तो सभा तहकूब करी, अर्धा तास व्हरांड्यात फेऱ्या मारी आणि त्याच जागी ती पुन्हा सुरू करी. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग रिकाम्या बाकांना विषयपत्रिका वाचून दाखवी. कुलूप घेऊन ताटकळलेला शिपाई दारातून विचारी, "समदे हो म्हणाले का, सर?" ढगे गंभीरपणे सांगे, "एकमताने."

गेल्या वर्षी या परिषदेपुढे प्रथमच काही खरे काम आले. कोमल नावाची बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलगी येरमाळ्याजवळच्या वस्तीवरून येते. प्रात्यक्षिक संपे चारला, आणि येरमाळ्याची एस.टी. सुटे तीनला. पुढची गाडी अंधार पडल्यावर. प्रात्यक्षिक अर्धे टाकून निघावे, तर हजेरी भरत नव्हती. हजेरी नाही, तर परीक्षा नाही. थांबावे, तर बापाने बजावले होते, "दिवेलागणीच्या आत घरी. न्हायतर कॉलेज बंद." गाडी साडेचारला सोडावी, असा परिषदेचा ठराव आगारात द्यायचे ढगेने ठरवले. सभा बोलावली. वेळ, दुपारी तीन.

कोणी आले नाही. त्याने दुसरी बोलावली. पुन्हा तीनच.

"परिषदेची सभा तीनलाच होते, सर. प्रथा आहे."

"ढगे, ज्यांना गाडीची अडचण आहे, ते सगळे तीनला गाडीत बसलेले असतात. एवढे कळायला राज्यशास्त्र लागत नाही."

त्याने मोबाइलवरची सूचना पुन्हा वाचली. मग म्हणाला, "तहकूब करून मी एकट्यानं ठराव केला असता. पण आगारात विचारतील, मागणी कुणाची?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दारात उभा. "चला सर, निरीक्षक म्हणून." त्याला नकार देण्याचा कंटाळा आला, म्हणून मी गेलो.

गाडी शहराबाहेर पडताच ढगे दांडी धरून उभा राहिला. "सन्माननीय सदस्यहो!"

"ओ मास्तर," वाहक ओरडला, "आधी तिकीट काढा, मंग सन्मान."

ढगेने तिकिटे काढली आणि माणसे मोजली. निम्म्याहून अधिक सदस्य त्या गाडीत होते. "गणपूर्ती आहे, सर," तो मला म्हणाला. कोमलने विषय मांडावा, असे तो म्हणाला. ती उठेना. शेजारणीने कोपर मारले, "ऊठ की गं! कवा न्हाय ते इचारायलेत."

"माझी एकटीची अडचण हाय, सर. ठराव कशाला त्याला?"

"एकटीची?" मागून एक मुलगा म्हणाला. "आमी काय हवा खायला बसलाव व्हय इथं? माझं बी प्रॅक्टिकल बुडायलंय!"

मग सगळेच बोलू लागले. मतदान झाले, तेव्हा मिरच्यांची पिशवी मांडीवर घेतलेल्या एका म्हातारीनेही हात वर केला.

"मावशी, तुम्ही सदस्य नाही," ढगे म्हणाला.

"नसंना का. माझी नात हाय शिकायला. हात खाली घेत नसते म्या."

ढगेने नियम आठवून पाहिला. सापडला नाही. "विशेष निमंत्रित," तो म्हणाला.

"झालं का एकमत?" वाहक म्हणाला. "पुढं खड्डा हाय. बसा खाली."

ठराव आगारात गेला आणि, माझ्या अपेक्षेविरुद्ध, मान्य झाला. नवी वेळ लागू झाली, त्या दिवशी मी ग्रंथालयाचे पुस्तक परत करण्यास गेलो होतो. प्रात्यक्षिक सुटले होते. कोमल आणि इतर मुले लिंबाखाली डबे उघडून बसली होती आणि गॅदरिंगला नाटक कोणते करायचे यावरून भांडत होती. ढगे व्हरांड्यात खांबाआड उभा होता.

"जा की," मी म्हणालो. "तुझीच परिषद आहे."

"नको, सर. मी गेलो की गप बसतील. आवाज येतोय, तेवढं बास." थोड्या वेळाने म्हणाला, "तीन वाजले की इथं कुणी नसायचं. मग संध्याकाळ लई लांबते, सर."



गाडी फाटकाशी आली. मुले पळाली. कोमलची पाण्याची बाटली पारावर राहिली होती. ढगेने ती उचलली आणि त्याच्या वयाला न शोभेल असा तो गाडीमागे धावला. परतला तेव्हा त्याला धाप लागली होती.

"दिली?"

"दिली. उद्या येते म्हणाली."

हे त्याने मला दोनदा सांगितले.