बिनभोकाचे मणी

मंडळी, काही माणसांना "जमणार नाही" हे शब्द उच्चारताच येत नाहीत. आमचे जमवूभाऊ त्यातलेच. नळ गळतोय? जमवू! शेजाऱ्यांचं घड्याळ मागे पडतंय? जमवू! ते घड्याळ नंतर कायमचं थांबलं, ही गोष्ट वेगळी. ऑफिसात त्यांचं खरं नाव आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

तर या जमवूभाऊंच्या सासूबाई काचेचे मणी करायच्या. घरामागच्या खोलीत गॅसची ज्योत फुरफुरत असायची आणि सासूबाई गडद चष्मा लावून काचेची कांडी त्या ज्योतीत वितळवायच्या, बारीक सळईवर गुंडाळायच्या. गार झाला की मणी सळईवरून ओढून काढायचा. निळ्यात पांढरी रेघ, हिरव्यात पिवळा ठिपका, एकासारखा दुसरा नाही! सारं आयुष्य त्यात गेलं. पण अलीकडे त्यांचा हात थरथरायला लागला होता, आणि ज्योतीपुढे थरथरता हात म्हणजे काही गंमत नव्हे. "हे शेवटचे," असं त्यांनी लेकीला सांगून टाकलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच हस्तकलेवरच्या एका जाडजूड पुस्तकात त्यांच्या मण्यांसाठी समोरासमोरची दोन पानं ठेवल्याचा फोन आला. तीही रंगीत! सासूबाई त्या दिवशी जेवताजेवता मधेच हसत होत्या.

"मी थांबले तरी पुस्तकात राहतील ग माझे मणी," त्या लेकीला म्हणाल्या आणि उगाचच चष्मा पुसत बसल्या.

आता फक्त फोटो पाठवायचे होते.

"फोटोग्राफर बोलवायचा का?" बायकोनं विचारलं.

"का? मी काय मेलोय?" जमवूभाऊ खुर्चीतून उठलेच. "कॅमेरा आहे, कॉम्प्युटर आहे, मी आहे. जमवू!"

सासूबाई जावयाशी थेट कधी बोलायच्या नाहीत. सगळा कारभार लेकीमार्फत. "विचार ग त्यांना, नक्की होईल ना?"

"सांग त्यांना, निश्चिंत राहा म्हणावं!"

दोघं एकाच टेबलाशी बसले होते बरं का!

कामाला सुरुवात झाली आणि पहिलीच अडचण आली ती चकाकीची. प्रत्येक मण्यात खिडकी दिसे, पंखा दिसे, आणि मधोमध फुगलेल्या गालांचे जमवूभाऊ! मग पलंगावरची पांढरी चादर ओढून तंबू केला. आत दिवे, आत मणी, आत जमवूभाऊ. मणी घरंगळू नयेत म्हणून प्रत्येकाला मेणाच्या गोळीवर टेकवला, अगदी तोंड कॅमेऱ्याकडे करून. अधूनमधून तंबू कोसळायचा आणि चादरीखालून आवाज यायचा, "कोणी घाबरू नका, जमतंय!"

फोटो निघाले. तेवढ्यात पुस्तकाच्या संपादकबाईंचा फोन आला.

"छपाईत सगळं दिसतं हं! धूळ, केस, डाग, काही काही राहू देऊ नका. साफ करूनच पाठवा."

"अहो, चकचकीत करून पाठवतो!"

जमवूभाऊंनी कॉम्प्युटरवर मणी मोठा केला. मोठा म्हणजे किती? कलिंगडाएवढा! धुळीचे कण त्यावर दगडांसारखे पसरलेले. पण सोय भारी होती. डागावर टिचकी मारली की डाग गायब, आजूबाजूचा रंग आपोआप त्यावर पसरायचा. टिच! गेला. टिच! हाही गेला. हात असा काही सुटला की विचारू नका! आणि मग मण्याच्या बरोबर मधे त्यांना दिसला एक भलामोठा, गोल, काळाकुट्ट डाग.

"अरे बापरे, हा तर सगळ्यांचा बाप!" जमवूभाऊ म्हणाले. टिच!

दुसऱ्या मण्यातही तोच. टिच! तिसऱ्यातही. एकूण एक मणी त्यांनी निष्कलंक केला, मूळ फोटोंवरच साठवला आणि पाठवून दिला. बायकोनं फोटो बघायला मागितले, तर म्हणाले, "छापून आल्यावर बघा. डोळे दिपतील!"

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकबाईंनी थेट सासूबाईंनाच फोन लावला.

"आजी, फोटो फार स्वच्छ आलेत. पण या तर गोट्या आहेत हो! आमच्या पुस्तकात खेळण्यांचा भागच नाहीये."

"काय म्हणालात?"

"गोट्या. मणी असते तर..."

"माझ्या मण्यांना गोट्या म्हणता? ठेवा तुमचं पुस्तक तुमच्यापाशी!" सासूबाईंनी फोन आपटला. आपटल्यावर मात्र त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचा चेहरा पार उतरला.

झालं! जमवूभाऊंचं रक्त उसळलं. "डोळे आहेत का बटणं त्या बाईला? थांबा, चांगली झाडतो तिला!" त्यांनी फोन लावला आणि सुरूच झाले. "पुस्तक काढता आणि मणी कुठला, गोटी कुठली, एवढंही कळत नाही तुम्हाला?"

"कळतं ना," संपादकबाई शांतपणे म्हणाल्या. "मण्याला भोक असतं. तुमच्या एकाही मण्याला नाही. आजी पुस्तक ठेवा म्हणाल्या, म्हणून आता ती पानं शिंपल्यांची बटणं करणाऱ्या एका गृहस्थांना द्यावी म्हणते. संध्याकाळी सगळं छापखान्यात जायचंय."

जमवूभाऊंनी फोन ठेवला. कॉम्प्युटर उघडला. बघतात तर काय, गोट्याच! तोंडचं पाणी पळालं.

"अग, जरा इकडे ये," त्यांनी बायकोला हाक मारली. "ते मधे काळं काळं असतं ना..."

"भोकं? तुम्ही भोकं पुसलीत?"

"डागासारखी दिसत होती ग!"

"आणि मूळ फोटो?"

"त्यांच्यावरच साठवले."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीत."

दारात सासूबाई उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या लेकीला ओलांडून थेट बोलल्या.

"जावईबापू! भोक सरळ यावं म्हणून मी जन्मभर श्वास रोखून सळई धरली! भोक तिरकं झालं तर मणी माळेत मान टाकतो, माहीत आहे? आणि तुम्ही एका टिचकीत बुजवलंत?"

जमवूभाऊंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हातारीच्या हातातला मण्यांचा डबा खुळखुळत होता, आणि तो रागानं खुळखुळत नव्हता, हे त्यांना कळत होतं. फार वाईट वाटलं त्यांना.

"चला," सासूबाई म्हणाल्या. "भोक आहे की नाही ते त्या बाईच्या नाकासमोर धरते."

गाडी बायकोनं चालवायला घेतली. मागच्या सीटवर सासूबाई सुईदोरा घेऊन बसल्या, शेजारी डबा मांडीवर घेऊन जावई. सासूबाई गाडीतच माळ ओवायला लागल्या.

"आई, पुढे खड्डा आहे, सुई सांभाळ!"

"तू रस्ता बघ! निळा द्या हो."

"हा घ्या, आई."

"हा निळा? हा जांभळा आहे! रंग तरी ठेवलेत का डोळ्यांत?"

"हो आई. म्हणजे नाही आई."

संपादकबाईंच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर बटणांचे फोटो मांडलेले होते. ते दिसताच जमवूभाऊंचा धीर सुटला. "बाई, चूक सगळी माझी," ते हात जोडून म्हणाले. "भोकं मी बुजवली. शिक्षा मला करा, पण आईंची पानं काढू नका हो!"

सासूबाईंनी माळ पुढे धरली. "बघा! गोट्या ओवता येतात का?"

बाई माळेकडे बघत राहिल्या, मग जमवूभाऊंकडे बघितलं, आणि अशा हसत सुटल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "अहो, बटणवाल्यांना मी कळवलंच नाहीये अजून! मनच होईना. तुमचे मणी मी प्रदर्शनात बघितलेत, आजी."

तिघांचाही जीव एकदम भांड्यात पडला. जमवूभाऊ तर धपकन स्टुलावरच बसले.

"पण फोटो?" बायकोनं विचारलं.

"आजी, घाला ना माळ गळ्यात. इथे खिडकीशी उभ्या राहा."

"एक चादर असती तर..." जमवूभाऊ बोलले मात्र, बायकोनं त्यांच्या पायावर पाय दिला. बाईंनी कॅमेरा उचलला, बटण दाबलं, संपलं काम!

पुस्तक आलं तेव्हा सासूबाईंनी ते टेबलावर उघडून ठेवलं. दोन्ही पानं भरून त्यांचा फोटो, आणि गळ्यात ती माळ, जणू आत दिवे लावलेत! त्या एकेका मण्यावरून बोट फिरवत होत्या. "आले ग बाई," एवढंच म्हणाल्या, आणि डोळ्यांतून घळघळा पाणी. लेकही रडली. जमवूभाऊंनाही भरून आलं. ते वाकून फोटो बघायला लागले. जवळून बघितला. आणखी जवळून बघितला. मणी एकमेकांना चिकटून दाट ओवलेले. दोन्ही पानं धुंडाळली, पण एका मण्याचं भोक दिसेल तर शपथ!

जमवूभाऊंनी तोंड उघडलं. सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. आणि मंडळी, आयुष्यात पहिल्यांदाच ते मिटलं!

"सुरेख आलाय हो, आई," ते म्हणाले, आणि कोणी न सांगता चहा टाकायला गेले.