वाफेच्या पेटीत साहेब

घरोघरी केबल आली आणि बरकतपुऱ्यातल्या बायकांना एकाएकी कळलं, की आपण जाड आहोत. भाग्यलक्ष्मीने हे इतरांच्या आधी हेरलं. शाळेतली नोकरी सोडून तिने घराच्या पुढच्या खोलीत ‘स्लिमिंग सेंटर’ थाटलं. त्यातली मुख्य वस्तू म्हणजे सुताराकडून करून घेतलेली वाफेची पेटी. आत स्टूल, तळाशी वाफ, वर गळ्यापुरतं भोक. गिऱ्हाईक आत, मुंडकं बाहेर. लायसन्स मात्र यायचं होतं. ते नाही मिळालं तर पाटी उतरवावी लागणार होती आणि शाळेत तिच्या जागी दुसरी बाई कधीच रुजू झाली होती.

म्हणून एका दुपारी म्युनिसिपालिटीचे हेल्थ इन्स्पेक्टर नरसिंगराव दारात उभे राहिले, तेव्हा तिने लगबगीने पदरानेच पेटी पुसून दाखवली.

“इसकू कौनसे खाते में डालना अम्मा?” पेटीभोवती फिरत ते म्हणाले. “हमारे पास हॉटेल है, सलून है, चक्की है. स्लिमिंग नै है. भाप है बोले तो लाँड्री में डालतूं.”

“साब, इसमें कपडे नै, लोगां बैठते!”

“कैसा बैठते? देखना पडता.”

पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा बाणा. सफारीसकट ते पेटीत शिरले, स्टुलावर बसले आणि मान वर काढली. भाग्यलक्ष्मीने पेटीचं दार लावून कडी घातली. तेवढ्यात फोन वाजला म्हणून ती माजघरात पळाली.

इकडे तिच्या सासूबाई, जयवंताबाई, बाहेर आल्या. बटण कुठलं दाबायचं हे सुनेने त्यांना कालच शिकवलं होतं. गिऱ्हाईक ताटकळलेलं पाहून त्यांनी ते दाबलं.

“अम्मा! ये क्या करे?”

“बसा की निवांत. एवढ्यात काय वितळायलाव?”

आरडाओरडा ऐकून भाग्यलक्ष्मी धावत आली, तोवर मुंडकं गाजरासारखं लाल झालं होतं. तिने बटण बंद केलं.

“आत्याबाई, हे गिऱ्हाईक नाही! लायसन्सचे साहेब आहेत!”

“मला काय ठावं? साहेब पेटीत बसत असतेत व्हय?”

आता दार उघडेना. नवं, कच्चं लाकूड वाफेने फुगून चौकटीत गच्च बसलं होतं. भाग्यलक्ष्मीने उलथनं घालून पाहिलं, पाय लावून ओढून पाहिलं. तेवढ्यात बायकांची चारची बॅच आली. सत्यवती आणि तिच्या दोन मैत्रिणी पदर खोचूनच आत शिरल्या, आणि पुरुषाचं मुंडकं पाहून तिघींनी एकदम किंकाळी फोडली.

मुंडकं त्यांच्याहून मोठ्याने ओरडलं, “लेडीज के टाइम में जेंट्स अंदर? रूल के खिलाफ है! लिखना पडता!”

भाग्यलक्ष्मीने कपाळावर हात मारला. उकडून निघत होते, तरी साहेबांना कसूर सापडली होती.

शेवटी सत्यवतीने दाराची मूठ धरली, दुसरीने सत्यवतीची कंबर, तिसरीने दुसरीची. कमी करायला आणलेलं सगळं वजन तिघींनी एकदम मागे टाकलं. दार बिजागऱ्यांसकट निखळलं, तिघी दारासकट जमिनीवर बसल्या आणि इडलीपात्राचं झाकण काढावं तसे नरसिंगराव वाफाळत उभे राहिले.

त्यांनी चष्मा पुसला. बॅगेतून नोटिशीचा कागद काढला आणि लिहायला बसले. “लेडीज टाइम में एक जेंट्स हाजिर,” मोठ्याने म्हणत त्यांनी ओळ पुरी केली.

भाग्यलक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आलं. कष्टाने उभं केलेलं सेंटर आठवड्यातच बंद होणार होतं. आता गमवायला काही उरलं नाही, अशा आवाजात ती म्हणाली, “साब, उसका नाम बी लिखो.”

साहेबांनी ‘नाम’ असं लिहिलं. पेन पुढे सरकलं, आणि थांबलं.

“लिवा की,” जयवंताबाई मायेने म्हणाल्या. “आमी समद्याजणी हाव साक्षीला.”

नरसिंगरावांनी कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि ओल्या खिशात खोल सारली.

“कल ऑफिस में आके लायसन्स लेके जाओ,” ते भिंतीकडे पाहत म्हणाले आणि बाहेर उन्हात सफारी वाळवत निघून गेले.